सभासद यादीत ‘काळे’ हे ‘काशीद’ यांच्या खाली का येतात?

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यादी अकारविल्हे लावली की ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’, ‘काशीद’ आणि ‘कासार’ यांच्याही खाली जाते, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते वर होते, अशी विचारणा पतसंस्थांकडून आमच्याकडे वारंवार होते. हा दोष नाही. संगणक अक्षर ओळखतो ते युनिकोडमधील (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक तक्त्यातील) क्रमांकावरून, आणि त्या तक्त्यात ‘ळ’ची जागा ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये आहे, म्हणून नुसत्या क्रमांकांनी ‘काळे’ वर जाते. आपल्या वर्णमालेत मात्र ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, आणि आमची यादी हाच क्रम पाळते. ‘ॲ’ची गत याहून वाईट आहे. हे अक्षर २००८ मध्ये देवनागरी अंकांच्याही पुढच्या जागी दाखल झाले, त्यामुळे नुसते क्रमांक ताडले तर ‘ॲड.’ने सुरू होणारी सगळी नावे यादीच्या तळाशी जातात.

म्हणून आम्ही नावांची तुलना करताना दरवेळी मराठीचे लोकेल (कोणत्या भाषेचे नियम लावायचे ते सांगणारी खूण) स्पष्टपणे नमूद करतो. ते न केल्यास प्रोग्राम बहुधा त्या-त्या संगणकाची भाषा धरतो आणि मुख्य कार्यालयात एक क्रम, शाखेत दुसरा, असे घडते. या पद्धतीने मोठी यादी लागायला थोडा अधिक वेळ लागतो, पण सर्वसाधारण सभेच्या दारात सभासदाचे नाव चटकन सापडणे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. आपला प्रोग्रामर आमच्या डेटाबेसवरून स्वतंत्र अहवाल काढत असेल, तर त्यानेही क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) मराठी कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचे नियम, लिहावे. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत आवृत्ती १० पासून आयसीयू या युनिकोडसाठीच्या सॉफ्टवेअर संचाची कोलेशन वापरता येतात.

एक कळकळीची विनंती आहे. नाव वर यावे म्हणून त्याच्या आधी रिकामी जागा किंवा टिंब कृपया टाकू नये. एका संस्थेत अशी जागा टाकलेले ‘काळे’ शोधात सापडले नाहीत, म्हणून लिपिकाने त्याच सभासदाचे दुसरे खाते उघडले, आणि दोन्ही खात्यांतील नोंदी जुळवण्यात आमचे दोन दिवस गेले. संचालकांची नावे आधी हवी असतील, तर सभासद नोंदीतील ‘प्राधान्यक्रम’ हा रकाना त्यासाठीच दिला आहे, ‘ॲड.’, ‘डॉ.’ हेही ‘उपाधी’च्या रकान्यात लिहावे, म्हणजे नाव आपल्या जागी राहते.

‘कऱ्हाड’मधील ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टंकित होतो, दिसतो सारखाच, पण साठवला जातो वेगळा. अशा जुन्या नोंदी शोधून एकसारख्या करण्याचे काम वार्षिक देखभाल करारात समाविष्ट आहे. ज्या संस्थांचा करार नाही, त्यांनी मार्चअखेरच्या गर्दीपूर्वी यादी पाठवल्यास प्राथमिक तपासणी विनामूल्य करून दिली जाईल.