यजमान म्हणून एन्ट्री आणि खेळून एन्ट्री : अंडर-१७ वर्ल्ड कपची मागची गोष्ट

भारत २०१७ चा फुटबॉलचा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला हे सगळ्यांना आठवतं, पण आपण क्वालिफाय होऊन गेलो नव्हतो, यजमान होतो म्हणून थेट जागा मिळाली होती, हे मात्र बरेच जण विसरतात.

ही स्पर्धा १९८५ ला चीनमध्ये सुरू झाली, तेव्हा ती अंडर-१६ होती, १९९१ पासून १७ झाली. वयाची चोरी हा जुनाच रोग, म्हणून २००९ पासून खरं वय ओळखायला मनगटाचा एमआरआय काढायला लागले, नुसत्या जन्मदाखल्यावर कोण विश्वास ठेवणार! आशियातून जायचं तर एएफसीच्या (आशियाई फुटबॉल महासंघाच्या) अंडर-१६ स्पर्धेत सेमीफायनल गाठावी लागायची, जागा चारच, आणि समोर जपान, दक्षिण कोरिया, इराण.

फिफाने डिसेंबर २०१३ मध्ये यजमानपद आपल्याला दिलं. २०१६ ला एएफसीची अंडर-१६ स्पर्धा पण गोव्यातच झाली, तिथे आपली पोरं सौदीशी ३-३ खेळली पण एकही मॅच जिंकली नाही, घरचं तिकीट नसतं तर विषय तिथेच संपला असता. मग कोच बदलला, निकोलाय अॅडम गेले आणि नॉर्टन डी मातोस आले.

आयोजन मात्र झकास झालं. दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, गोवा आणि आपलं नवी मुंबईचं डी वाय पाटील, एकूण १३ लाखांवर प्रेक्षक, तोपर्यंतचा रेकॉर्ड. गुवाहाटीचं मैदान पावसाने इतकं खराब झालं की ब्राझील-इंग्लंड सेमीफायनल ऐनवेळी कोलकात्याला हलवावी लागली, तरी स्टेडियम भरलं.

आपल्या टीमने तिन्ही मॅच हरल्या. त्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव पण होता. कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवर जॅक्सन सिंगने हेडर मारला, भारताचा फिफा वर्ल्ड कपमधला पहिला गोल, अख्खं दिल्लीचं स्टेडियम उभं राहिलं आणि लोक नीट बसायच्या आत पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल घातला. १-२.

खरी मेहनत मला २०१८ ची वाटते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मलेशियातल्या एएफसी अंडर-१६ ला गोव्याच्या बिबियानो फर्नांडिसची पोरं गेली, व्हिएतनामला १-० हरवलं, इराण आणि इंडोनेशियाशी ०-०, ग्रुपमध्ये एकही गोल खाल्ला नाही. क्वार्टर फायनलला कोरिया. जिंकलो असतो तर सरळ वर्ल्ड कप, स्वतःच्या जोरावर. दुसऱ्या हाफमध्ये एक गोल बसला आणि ०-१ ने गेलं.

२०२५ पासून स्पर्धा ४८ टीमची झाली आणि दरवर्षी कतारमध्ये व्हायला लागली. आशियाला यजमान कतार सोडून आठ जागा, म्हणजे क्वार्टर फायनल गाठली की वर्ल्ड कप पक्का. २०१८ ला हाच नियम असता तर कोरियाशी हरूनही ती पोरं गेली असती.