बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचा निवास आणि स्वतंत्र जीवन

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तीने कुठे, कोणासोबत आणि कोणाच्या मदतीने राहायचे हे तिने स्वतः ठरवणे, आणि तसे राहता यावे म्हणून उभी केलेली व्यवस्था, या दोन्हींचा या संकल्पनेत समावेश होतो. स्वतंत्र राहणे म्हणजे एकट्याने, कोणाच्या मदतीशिवाय राहणे, हा समज सर्रास आढळतो आणि त्यापायी अनेकांची वाट अडते. चोवीस तास मदतनीस लागणारी व्यक्तीही स्वतंत्र जीवन जगू शकते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक देशांत अशा व्यक्तींना गावाबाहेरच्या मोठ्या संस्थांत ठेवले जाई. डेन्मार्कच्या १९५९ च्या कायद्यामागे असलेले नील्स एरिक बँक-मिकेल्सन आणि स्वीडनचे बेंग्ट नीर्ये यांनी ‘सामान्यीकरणा’चा विचार मांडला : दिवसाची, आठवड्याची, वर्षाची जी लय इतरांच्या वाट्याला येते, तीच यांनाही मिळावी. कर्मचारी कमी आहेत म्हणून प्रौढ माणसाला दिवेलागणीलाच झोपवू नये, इतकी ही साधी मागणी होती. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेतील हाल १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर दिसले. ती १९८७ मध्ये बंद झाली. स्वीडनने १९९९ अखेर अशा संस्था कायद्यानेच मोडीत काढल्या.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातील कलम १९ ने हा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. त्यावरील २०१७ च्या भाष्यातला मुद्दा मोलाचा आहे : पाच-आठ जणांचे छोटे गटनिवास, किंबहुना एकट्याचे घरसुद्धा संस्थेसारखे असू शकते. मदतनीस कोण असावा यात राहणाऱ्याला विचारलेच जात नसेल, जेवण-झोप ठरल्या घंटेलाच होत असेल, तर नुसत्या घराच्या आकाराने काही साधत नाही. खोलीची किल्ली कोणाकडे असते आणि आत येण्याआधी दार वाजवले जाते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

कौशल्ये घरातच, रोजच्या वापरातून शिकवावी लागतात. धुलाईयंत्राच्या बटणावर योग्य खुणेपाशी रंगीत टिकली चिकटवली, शेजारी पायऱ्यांची चित्रे लावली, की वाचता न येणारा माणूसही आपले कपडे आपण धुतो. पैशांचे व्यवहार आणि करारनामे यांत ‘सहाय्यित निर्णय’ ही पद्धत वापरतात : विश्वासातली व्यक्ती पर्याय सोप्या भाषेत उलगडून सांगते, निर्णय मात्र मदत घेणाऱ्याचाच राहतो.

‘आमच्यामागे याचे कसे होणार?’ हा आईवडिलांचा घोर सर्वांत खोल. पुष्कळदा घर बदलण्याची वेळ त्यांच्यापैकी कोणी गेल्यावरच येते. मग आई आणि घर दोन्ही एकाच आठवड्यात सुटतात. म्हणून पालक हयात असतानाच सुरुवात करणे बरे. आधी एक रात्र, मग शनिवार-रविवार, मग महिनाभर. आणि नव्या खोलीत त्याची जुनी चादर, त्याचा रेडिओ, त्याने स्वतः निवडलेला पडदा.