कुलूप बदलले, पण चोर आतच

व्हायरस शिरला की संगणक मंदावतो, पडद्यावर जाहिराती नाचू लागतात, खिडक्या आपोआप उघडतात, ही समजूत आता जुनी झाली. आजचे बहुतेक स्पायवेअर, म्हणजे गुपचूप माहिती चोरणारे प्रोग्राम, असला गाजावाजा करत नाही. एकदा चालू झाले की काही सेकंदांत ते ब्राउझरने साठवलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील आणि कुकीज गोळा करून चोराच्या सर्व्हरवर धाडते. काही प्रकार तर काम उरकल्यावर स्वतःलाच पुसून टाकतात. दुसऱ्या दिवशी अँटिव्हायरसने कितीही कसून तपासले तरी हाती काही लागत नाही.

चोरीतला खरा ऐवज म्हणजे कुकीज. लॉगिन करताना पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही द्यावे लागतात, पण एकदाच. ओळख पटली की साइट ब्राउझरकडे एक लांबलचक सांकेतिक मजकूर, म्हणजेच कुकी, देते आणि पुढे दर वेळी ब्राउझर तोच पास दाखवून आत जातो. हा पास चोराने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवला की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. काही साइटवर तर पासवर्ड बदलल्यावरही जुना पास चालूच राहतो. गूगलने २०२४ मध्ये विंडोजवरच्या क्रोममध्ये कुकीजना जास्तीचे कुलूप घातले, तर काही महिन्यांतच ते फोडण्याच्या वाटाही निघाल्या.

म्हणून कोणता अँटिव्हायरस घ्यावा हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचे ते हे, की परका प्रोग्राम आपल्या संगणकावर चालू होतोच कसा? उत्तर फारसे सुखाचे नाही. बहुतेक वेळा तो आपणच चालू करतो.

४ मे २००० रोजी जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' वर्मने, म्हणजे स्वतःच्या प्रती पाठवत पसरणाऱ्या प्रोग्रामने, हेच साधले. ईमेलसोबत आलेल्या फाइलच्या नावाचे खरे शेपूट, म्हणजे प्रकार सांगणारी शेवटची अक्षरे, होते 'डॉट व्हीबीएस'; म्हणजे ती उघडताच चालू होणारी स्क्रिप्ट होती. पण विंडोज ओळखीच्या प्रकारांचे शेपूट लपवत असल्याने अनेकांना दिसले ते त्याच्या आधीचे 'डॉट टीएक्सटी', आणि त्यांनी साधे पत्र समजून ती उघडली. आश्चर्य म्हणजे शेपूट लपवण्याची ही सोय विंडोजमध्ये आजही मुळातच चालू असते. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा, 'व्ह्यू', मग 'शो', आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. त्यानंतर बिलाच्या नावाने आलेली फाइल 'पीडीएफ डॉट ईएक्सई', म्हणजे कागद नसून प्रोग्राम आहे, हे निदान डोळ्यांना दिसेल. झिप फाइल पासवर्डने बंद करून आली असेल आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला असेल, तर त्यामागचा हेतू गुप्तता नसतो. मेल तपासणाऱ्या यंत्रणेला आत डोकावता येऊ नये, एवढ्यासाठीच ते कुलूप.

अलीकडची युक्ती याहून सफाईदार आहे. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असे म्हणणारे पान उघडते आणि पायऱ्या सांगते: विंडोजचे बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने तोवर एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते आणि ती 'रन'च्या चौकटीत आपणच चिकटवतो. इंटरनेटवरून उतरलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य शिक्का मारते आणि ती उघडताना तो पाहून सावध करते. इथे ब्राउझरमधून फाइल उतरलेलीच नसते, त्यामुळे शिक्का नाही आणि इशाराही नाही. कोणतीही खरी साइट पडताळणीसाठी 'रन'ची चौकट उघडायला सांगत नाही. या नियमाला अपवाद नाही.

परवान्याचे कुलूप फोडून फुकटात वाटलेले सॉफ्टवेअर हे तिसरे दार. सोबतच्या सूचनेत 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असे लिहिलेले असते, यातच सगळे आले.

काही हल्ल्यांना मात्र आपला हात लागतच नाही. १२ मे २०१७ रोजी पसरलेले वॉनाक्राय हे खंडणी मागणारे सॉफ्टवेअर विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या एका खिंडारातून एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरत होते. ते खिंडार बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. दोन महिने 'नंतर आठवण करा' दाबत बसलेली यंत्रे त्यात सापडली. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा योजनेत नोंदवला नसेल, तर असा संगणक नव्या खिंडारांसाठी उघडाच आहे. ब्राउझरचे अपडेट उतरलेले असले तरी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत लागू होत नाही, हेही बरेच जण विसरतात. पंधरा दिवस न मिटलेल्या चाळीस टॅबखाली जुनीच आवृत्ती चालू असते.

आता पहारेकऱ्याकडे वळू. विंडोजसोबत येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस घरच्या वापराला पुरेसा आहे. पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत. दोघे एकच फाइल तपासायला धावतात आणि संगणक अडखळतो. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या सेटिंग्जमध्ये 'रिअल-टाइम', 'क्लाउड-डिलिव्हर्ड' आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन' ही तिन्ही चालू आहेत ना, ते पाहा. त्याच पानाच्या तळाशी 'एक्स्क्लुजन्स'ची यादी असते, म्हणजे न तपासण्याच्या जागा. तुम्ही स्वतः काही घातले नसेल तर ती रिकामी हवी. तिथे अख्खा सी ड्राइव्ह दिसला, तर पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर कुणीतरी पट्टी बांधली आहे असे समजा.

रोजच्या वापराला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेले, 'स्टँडर्ड' खाते ठेवावे असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो योग्यच आहे, पण त्याची मर्यादा क्वचितच कुणी सांगते. अशा खात्यातून चालणारा प्रोग्राम अँटिव्हायरस बंद करू शकत नाही, सिस्टीमच्या फाइलींत घर करू शकत नाही. तुमचे फोटो, कागदपत्रे आणि ब्राउझरमधले पासवर्ड मात्र तुमच्याच खात्याचे असतात. ते वाचायला त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागतच नाही.

फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरवर खात्रीचा उपाय बॅकअप. बाहेरची हार्ड डिस्क कायम जोडलेली असेल तर मूळ फाइलींबरोबर तीही कुलूपबंद होते, म्हणून प्रत काढून झाली की केबल काढून ठेवा. सहा महिन्यांतून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल उघडूनही पाहा.

उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस' अशा चिठ्ठ्या येत असतील तर घाबरू नका. बहुधा तो व्हायरस नसून कधीतरी एखाद्या साइटला दिलेली सूचना पाठवण्याची परवानगी असते. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स'मध्ये जाऊन ती काढली की संपले.

पण संशयास्पद प्रोग्राम खरोखरच चालवला गेला असेल, तर क्रम चुकवू नका. पहिल्यांदा संगणकाचे इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या स्वच्छ फोनवरून किंवा संगणकावरून ईमेलचे खाते उघडा. आधी ईमेलच, कारण बाकी बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. 'सर्व उपकरणांतून लॉगआउट' करा, म्हणजे चोरीचे पास रद्द होतील. नंतर पासवर्ड बदला आणि मेल परस्पर दुसरीकडे वळवणारा नियम कुणी घालून ठेवला आहे का, तेही पाहा. त्यानंतर बँक आणि बाकीची खाती. हेच काम बाधित संगणकावर केले तर नवा पासवर्डही चोराकडे जाण्याचा धोका असतो.

त्यानंतर 'स्कॅन ऑप्शन्स'मधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन करा. संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागे होण्याआधी सुमारे १५ मिनिटे तपासणी चालते, त्यामुळे चालू विंडोजच्या आड लपणारेही सापडतात. पण पासवर्ड चोरणारे काही चालले होते अशी शंका असेल, तर तपासणीवर विसंबू नये. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून विंडोज नव्याने घालावे. जुन्या डिस्कवरून फक्त कागदपत्रे आणि फोटो परत आणावेत, सेटअपच्या फाइली नाहीत. आणि नव्या ब्राउझरमध्ये सिंक, म्हणजे खात्यातली ब्राउझरची माहिती सगळ्या यंत्रांवर आणणारी सोय, चालू करण्याआधी स्वच्छ यंत्रावर एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची, यादी पाहून घ्यावी. 'सर्व साइटवरची माहिती वाचणे व बदलणे' एवढी परवानगी घेतलेले नको ते एक्स्टेन्शन खात्यात तसेच राहिले, तर सिंक ते इमानेइतबारे नव्या विंडोजमध्ये आणून बसवते.