आरटीईचा अर्ज भरताय? आधी कागद काढा, मग शाळा निवडा

प्रवेशाच्या दोन-तीन फेऱ्यांपूर्वीची गोष्ट. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, भाड्यानं राहणारी एक बाई माझ्या ऑनलाइन सेंटरवर आली. मुलीचा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या मोफत प्रवेशाच्या, लॉटरीत नंबर लागला होता. अर्ज दुसरीकडून भरलेला, माझ्याकडे ती फक्त अलॉटमेंट लेटरची, म्हणजे शाळा मिळाल्याच्या पत्राची, प्रिंट काढायला आली होती. प्रिंट निघेपर्यंत तिनं पिशवीतले कागद टेबलावर मांडले आणि माझी नजर भाडेकरारावर गेली. शंभराचा बॉण्ड, दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का. दुय्यम निबंधकाकडची नोंदणी मात्र नव्हती. "कागद तर हाय की ओ सर, शिक्का बी हाय," ती म्हणाली. पडताळणीत तोच कागद नापास झाला आणि प्रवेश गेला. उत्पन्न बसत होतं, वय बसत होतं, अंतरही बसत होतं.

सोलापुरात आरटीईचे बरेचसे प्रवेश असेच जातात. पात्रता असते, कागद चुकीचा असतो. म्हणून इथं कागदांवर जास्त लिहिलंय, बाकीचं थोडक्यात.

ही जागा मिळते कुठून

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. शाळा नर्सरीपासून असेल तर नर्सरीत, पहिलीपासून असेल तर पहिलीत. एकदा प्रवेश झाला की आठवीपर्यंत फी नाही. ती फी सरकार शाळेला देतं, महाराष्ट्रात एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये. हे पैसे वेळेवर येत नाहीत ही संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. पण ती शाळेच्या काउंटरवर पालकांना ऐकवायचं कारण नाही. तो हिशेब शाळा आणि सरकार यांच्यातला आहे.

अनुदानित शाळा या २५ टक्क्यांत येत नाहीत. येतात त्या विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित. यातली दुसरी जात २०१२ च्या महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियमातून आली. शाळा काढा, पण अनुदान कधीच मागायचं नाही, असा तो सौदा. होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर या भागांत सकाळी पिवळ्या बसच्या रांगा लागतात, त्या बहुतेक अशाच शाळांच्या.

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. आमच्या गल्लीबोळाच्या शहरात महापालिकेची किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत नाही अशी जागा शोधून काढावी लागेल, म्हणजे योजना जवळपास संपलीच होती. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. आजही काही पालक "आता खासगीत मिळत नाही म्हणे" असं सांगत येतात, ते त्या काही महिन्यांचं उरलेलं आहे.

शाळा यादीत का दिसत नाही

पोर्टलवर, म्हणजे आरटीईच्या सरकारी वेबसाइटवर, शाळांची यादी उघडली की पहिला प्रश्न ठरलेला: "आमच्या घरासमोरची शाळा यात नाहीच की!" बऱ्याचदा उत्तर एकच असतं, अल्पसंख्याक दर्जा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालापासून अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही. सोलापूर तेलुगू, कन्नड, उर्दू, गुजराती बोलणाऱ्यांचं गाव. भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक दर्जा घेतलेल्या संस्था इथं आहेत आणि त्यांत काही नावाजलेल्याही आहेत. त्यांच्याकडे आरटीईतून जाता येत नाही. भांडून उपयोग नाही.

यादीतल्या शाळेची नोंद शिक्षण विभागाच्या हाताखालून गेलेली असते. खरी काळजी घ्यायची ती नंबर न लागल्यावर, जेव्हा पालक फी भरून मिळेल तिथं पोराला घालतात. फलकावर 'इंटरनॅशनल' लिहिलंय म्हणून बोर्ड आंतरराष्ट्रीय होत नाही. 'सीबीएसई पॅटर्न' म्हणजे सीबीएसई नव्हे, पुस्तकं तसली आणलीत एवढाच त्याचा अर्थ. मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही असं कायद्याचं कलम १८ सांगतं. चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि त्यानंतरही चालूच ठेवली तर दर दिवसाला दहा हजार. तरी अनधिकृत शाळा निघतातच.

म्हणून पैसे भरण्याआधी शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारा. पहिली, यूडायस नंबर, म्हणजे प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक. तो ११ आकडी असतो, त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे आणि पुढचे दोन जिल्ह्याचे. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळेचा नंबर २७३० ने सुरू होतो. पावतीवर २७२५ छापलेलं असेल तर ती नोंद पुणे जिल्ह्यातल्या शाळेची आहे, तुमचं मूल बसणार आहे त्या इमारतीची नाही. दुसरी, आरटीई मान्यतेचं 'नमुना २' प्रमाणपत्र. ते तीन वर्षांनी वाढवून घ्यावं लागतं, म्हणून त्यावरची तारीख वाचा. तिसरी, सीबीएसई म्हणवणाऱ्या शाळेचा संलग्नता क्रमांक, तो बोर्डाच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो. "ऑफिसला आहे, नंतर दाखवतो" असं उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवा.

अर्ज कोणाला करता येतो

दोन दारं आहेत. वंचित गटात अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागास, विशेष मागास, दिव्यांग मुलं, अनाथ बालकं, एचआयव्हीग्रस्त येतात. यांना उत्पन्नाची अट नाही. दुर्बल गटात उरलेले सगळे, ज्यांच्या पालकांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत आहे. ओबीसी पालक कधीकधी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेपा घालत बसतात. जातीचा दाखला असेल तर त्याची गरज नाही.

वय ३१ डिसेंबरला मोजतात. पहिलीसाठी पूर्ण ६ वर्षं ते ७ वर्षं ५ महिने ३० दिवस, नर्सरीसाठी ३ वर्षं ते ४ वर्षं ५ महिने ३० दिवस. उदाहरणार्थ २०२५-२६ ला पहिलीत १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९ या काळात जन्मलेली मुलं बसत होती. एक दिवस इकडेतिकडे झाला तर पोर्टलच पुढे जाऊ देत नाही.

कागद

जन्माचा दाखला सगळ्यात सोपा. तो नसेल तर दवाखान्याच्या किंवा अंगणवाडीच्या रजिस्टरमधला उतारा, तोही नसेल तर पालकांचं प्रतिज्ञापत्र.

जातीचा दाखला वडिलांचा किंवा मुलाचा चालतो, पण महाराष्ट्रातल्या सक्षम अधिकाऱ्याचाच हवा. इथं आपल्या गावाची खास अडचण आहे. साखर पेठेत, भवानी पेठेत, अशोक चौकात तीन पिढ्या राहिलेल्या घरांतही जुनी कागदपत्रं तेलंगणातली निघतात, अक्कलकोटच्या बाजूला कलबुर्गीची. परराज्यातला दाखला ग्राह्य धरत नाहीत. असा दाखला जोडून अर्ज भरला तर पोर्टल तो घेतं, लॉटरीही लागते आणि पडताळणीत सगळं कोसळतं. महाराष्ट्राचा दाखला काढायला आजोबांच्या राहण्याचे पुरावे शोधावे लागतात आणि त्यात महिने जातात. घरात तीन वर्षांचं मूल असेल तर आजच सुरुवात करा. नाहीच जमलं आणि उत्पन्न एक लाखाच्या आत असेल, तर दुर्बल गटातून अर्ज करा. तो रस्ता बरेच जण विसरतात.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून निघतो. विड्या वळणाऱ्या बाया आणि यंत्रमागावरचे कामगार यांच्याकडे पगारपत्रक क्वचितच असतं, म्हणून हाच दाखला धरून चाला. फेरी जाहीर झाली की सेतूत रांगा लागतात, त्याआधी काढून ठेवलेला बरा.

राहण्याचा पुरावा म्हणून रेशन कार्ड, वीजबिल, घरपट्टी, पाणीपट्टी, मतदार ओळखपत्र, आधार, वाहन परवाना यांपैकी एक. भाड्यानं राहत असाल आणि दुसरा पुरावा त्या पत्त्याचा नसेल, तर भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा, ११ महिने किंवा त्याहून जास्त मुदतीचा हवा आणि अर्ज भरण्याआधीच्या तारखेचा हवा. नोटरी चालत नाही. घरमालक नोंदणीला कां कूं करतात. त्यांना समजावणं हे अर्ज भरण्यापेक्षा अवघड काम आहे.

एकट्या आईच्या बाबतीत घटस्फोटाचा न्यायालयाचा निर्णय, खटला चालू असेल तर त्याचा पुरावा, किंवा पतीचा मृत्यू दाखला लागतो, आणि राहण्याचा पुरावा आईचा. नुसतं "ते सोडून गेलेत" सांगून भागत नाही, ही या प्रक्रियेतली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. दिव्यांग मुलासाठी किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र हवं.

लाल फुगा

अर्जात नकाशा उघडतो. त्यावरचा लाल फुगा ओढून आपल्या घरावर ठेवायचा असतो. या फुग्यावरून शाळेचं अंतर ठरतं, तेही सरळ रेषेत, रस्त्यानं नाही. २०२५-२६ च्या फेरीत एक किलोमीटरपर्यंत, एक ते तीन आणि तीनच्या पुढे असे टप्पे होते आणि दहा शाळा निवडता येत होत्या. घाईत फुगा चौकातच सोडून दिला की साडेनऊशे मीटरचे अकराशे होतात आणि मूल मागच्या टप्प्यात जातं. उलट मुद्दाम शाळेजवळ सरकवला तर पडताळणीत पत्ता जुळत नाही आणि प्रवेश रद्द. मी पालकाला खुर्चीवर बसवतो, उपग्रहाचं चित्र लावतो आणि "तुमचं छत दाखवा" म्हणतो. पत्र्याच्या घरांच्या ओळीत आपलं छत ओळखायला पाच मिनिटं लागतात. लागू देत.

एका मुलाचे दोन अर्ज भरू नका, दोन्ही बाद होतात. पूर्वी आरटीईतून प्रवेश घेतलेल्या मुलाला पुन्हा अर्ज करता येत नाही. तात्पुरता अर्ज भरून 'कन्फर्म' न करता उठणारे दरवर्षी भेटतात, त्यांचा अर्ज लॉटरीत जातच नाही. अर्ज क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहा. मोबाइल नंबर घरचा द्या, सेंटरवाल्याचा नको. माझाही नको.

नंबर लागल्यावर

लॉटरी राज्यभराची एकच असते. मेसेज येतो, पण त्याच्या भरवशावर बसू नका, पोर्टलवर अर्जाची स्थिती रोज बघा. नंबर लागला की आधी शाळेत नाही, पडताळणी समितीकडे जायचं. मूळ कागद, झेरॉक्सचे दोन संच आणि अलॉटमेंट लेटर घेऊन. कुंभारी, होटगी, मुळेगाव ही गावं दक्षिण सोलापूर तालुक्यातली, त्यांची समिती शहरातल्यापेक्षा वेगळी. लेटरवर पत्ता असतो, तो वाचा. लॉटरीच्या पहिल्या फेरीत नंबर लागूनही मुदतीत गेला नाहीत तर पुढच्या फेरीत नाव येत नाही.

शाळेनं प्रवेशासाठी देणगी मागितली, मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेतली, तर ते कलम १३ नुसार गुन्ह्यात जातं. अर्ज लेखी द्या: जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), शहरातल्या शाळेसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग, आणि तिथं हललं नाही तर पुण्याचे विभागीय शिक्षण उपसंचालक. सोलापूर त्यांच्याच विभागात येतं. प्रत्येक अर्जाची पोचपावती घ्या. तारखेचा शिक्का नसलेली प्रत कोणी मोजत नाही.