या खोलीतून त्या खोलीत

पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ बैठकीतल्या कॉम्प्युटरवर होता आणि तो माडीवरच्या लॅपटॉपवर हवा होता. मधे अंतर किती, तर एक चौक आणि एक जिना. पुतण्याने ३२ जीबीचा कोरा पेन ड्राइव्ह लावला, फाईल ओढून टाकली, तर कॉम्प्युटर म्हणाला, फाईल फार मोठी आहे. फाईल ११ जीबीची आणि पेन ड्राइव्ह ३२ चा, तरी मावत नाही म्हणे. मग त्याने ती गूगल ड्राइव्हवर चढवायला घेतली. म्हणजे यावल तालुक्यातल्या आमच्या घरातला व्हिडिओ आधी कुठल्या तरी लांबच्या डेटा सेंटरमध्ये जाणार आणि तिथून परत त्याच घरात, वीस पावलांवर येणार. आमच्या ४० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिटच्या कनेक्शनवर (आठ बिटांचा एक बाइट) जायला ३७ मिनिटं, यायला तेवढीच. निम्मी फाईल चढली असेल-नसेल, तोच नेट गेलं.

आप्पा ओट्यावरून हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "इथल्या इथं द्यायचं तं गावभर कशाला फिरवता?"

आप्पांनी कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही, पण नेमका मुद्दा त्यांनीच धरला. ज्या घरात राउटर, म्हणजे वायफायची पेटी आहे त्या घरात नेटवर्क आधीपासूनच आहे. नेट म्हणजे बाहेरच्या जगाकडे जाणारा रस्ता, आणि नेटवर्क म्हणजे घरातल्या घरात या खोलीतून त्या खोलीत जायची वाट. बाहेरचा रस्ता बंद पडला म्हणून घरातली वाट बंद होत नाही. आपल्याकडे ती वापरायची सवय नाही, एवढंच. त्या संध्याकाळी आम्ही ती वापरली. नेट बंदच होतं, आणि व्हिडिओ दोन मिनिटांच्या आत माडीवर पोचला. वहिनी लॅपटॉपकडे बघत म्हणाल्या, "नेट तं बंद हाये, मंग हे कसं आलं?"

त्याचं उत्तर देण्याआधी पेन ड्राइव्हचं कोडं सोडवू. बाजारातले पुष्कळ पेन ड्राइव्ह फॅट३२ नावाच्या पद्धतीने आखलेले असतात. तिच्यात फाईलची लांबी लिहायला ३२ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक बसेल अशा ३२ घरांची जागा ठेवलेली आहे. ३२ बिटांत मोठ्यात मोठा आकडा मावतो ४,२९,४९,६७,२९५. तेवढ्या बाइट्सपेक्षा, म्हणजे ४ जीबीपेक्षा मोठी एकच सलग फाईल त्यावर बसतच नाही, मग ड्राइव्ह कितीही रिकामा असो. पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की ही अडचण सुटते. आणि गंमत बघा, इंटरनेटचे जुने पत्तेसुद्धा ३२ बिटांचेच आहेत, म्हणजे जगभर मिळून साधारण ४२९ कोटी. माणसंच त्याहून जास्त, मग उपकरणांना पत्ते पुरणार कसे?

त्यावर १९९६ मध्ये एक शहाणा तोडगा ठरला. काही पत्ते फक्त घरगुती वापरासाठी राखून ठेवले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. हे पत्ते कोणाही एकाच्या मालकीचे नाहीत. आमच्या घरात १९२.१६८.१.५ आहे, तुमच्याही घरात असेल, रावेरच्या एखाद्या केळीच्या वखारीतही असेल. गावोगावी मारुतीची गल्ली असते आणि कुणाचा गोंधळ होत नाही, तसंच हे. घरात नवं यंत्र जोडलं की राउटर त्याला असा एक मोकळा पत्ता देतो. त्याला नेट लागत नाही, राउटरची लाईट चालू असली की पुरे.

आता फाईल जाते कशी ते सांगतो. माझं निम्मं लहानपण भुसावळला मामाकडे गेलं, त्यामुळे मला हे रेल्वेच्या यार्डाच्याच भाषेत कळतं. फाईल अख्खी कधीच जात नाही. तिचे डबे सुटे होतात. एका डब्यात जास्तीत जास्त १५०० बाइट, त्यातले चाळीसेक पत्त्या-बित्त्यात खर्च होतात. मोबाइलवर काढलेला ५ एमबीचा एक फोटो म्हणजे साधारण साडेतीन हजार डबे. लग्नाच्या त्या व्हिडिओचे पंचाहत्तर लाखांवर झाले. प्रत्येक डब्यावर कुठून आला आणि कुठे जायचं हे लिहिलेलं असतं. पलीकडे डबे क्रमाने लागतात आणि एखादा हरवलाच तर तेवढाच परत मागवला जातो.

पण पहिला डबा निघण्याआधी एक हाळी दिली जाते, आणि मला ती फार आवडते. बैठकीतल्या कॉम्प्युटरला माडीवरच्या लॅपटॉपचा १९२.१६८ वाला पत्ता कळलेला असतो, पण तो पत्ता कोणत्या यंत्राने धरलाय हे ठाऊक नसतं. मग तो साऱ्या घराला ऐकू जाईल असं विचारतो, की हा पत्ता कोणाचा? टीव्ही, मोबाइल, प्रिंटर सगळे ऐकतात आणि गप्प बसतात. फक्त लॅपटॉप उत्तर देतो आणि आपला कारखान्यात मिळालेला ४८ बिटांचा क्रमांक सांगतो. तिथून पुढे राउटरच्या पोटातला स्विच तो क्रमांक बघून डबे थेट त्या तोंडाला वळवतो. बाहेरच्या तारेशी या व्यवहाराचा काही संबंधच येत नाही. वहिनींना हेच सांगितलं.

डबे नेण्याची ही रीत, इथरनेट, १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या हातून आकाराला आली. फाईल मागायची आणि द्यायची बोली मात्र वेगळी आहे, तिचं नाव एसएमबी. ती १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केली. विंडोज आजही तीच बोलतो, मॅकलाही ती येते. लिनक्स या विंडोजसारख्याच पण फुकट मिळणाऱ्या प्रणालीला ती शिकवली ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने. १९९१च्या अखेरीस तो नेटवर्कवरून जाणारे डबे वाचत बसला आणि त्यावरून त्याने बोली उलगडली. पुढे त्याच्या प्रोग्रॅमला नाव हवं होतं, तेव्हा त्याने कॉम्प्युटरच्या शब्दयादीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले आणि त्यातून 'सांबा' निघाला. तो कुणालाही फुकट वापरता येतो, आणि जगभरातल्या कितीतरी घरांतलं फाईलींचं कोठार आज त्याच्यावर चालतं.

प्रत्यक्ष करायला बसलात की काम दहा मिनिटांचं आहे. जो फोल्डर द्यायचा त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि कोणाला नुसतं वाचू द्यायचं नि कोणाला लिहू द्यायचं ते ठरवायचं. कॉम्प्युटरला इंग्रजी अक्षरांत, पंधरा अक्षरांच्या आत, सोपं नाव द्यायचं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाईल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा मारून ते नाव लिहायचं. फोल्डर उघडायला हवा.

उघडत नाही! पुष्कळ घरांत पहिल्यांदा उघडत नाही, आणि लोक इथेच सोडून देतात. म्हणून इथे थोडं थांबतो. पहिली गोष्ट, वायफाय जोडताना विंडोज ते नेटवर्क बरेचदा 'पब्लिक' समजून चालतो, म्हणजे एसटी स्टँडवरचं. अशा ठिकाणी तो आपलं दार लावून बसतो, आणि ते बरोबरच आहे. घरातल्या नेटवर्कला 'प्रायव्हेट' करा. दुसरी गोष्ट त्याहून फसवी. घरातल्या कॉम्प्युटरला पासवर्ड कशाला, म्हणून आपण तो ठेवतच नाही. पण ज्या खात्याला पासवर्ड नाही त्या खात्याने नेटवर्कवरून आत यायला विंडोज मनाई करतो. समोर बसून उघडेल, दुसऱ्या खोलीतून नाही. आणि तिसरं, रोज चार आकडी पिन टाकून आपण कॉम्प्युटर उघडतो तो पिन त्या यंत्रापुरताच असतो. नेटवर्कवरून विचारतात तो खात्याचा खरा पासवर्ड. पिन टाकून टाकून माणूस कंटाळतो आणि वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. सोपी वाट म्हणजे शेअरिंगसाठी 'घर' नावाचं वेगळं साधं खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि तोच सगळीकडे वापरा.

माझ्या दोन संध्याकाळी गेल्या त्या निराळ्याच कारणाने. माडीवर रेंज येत नव्हती म्हणून दादांनी दुसरा राउटर आणून तिथे लावला होता. त्याने आपला वेगळाच संसार मांडला. खाली पत्ते १९२.१६८.१ चे, वर १९२.१६८.० चे. माडीवरून बैठकीतला कॉम्प्युटर यादीत दिसेना, आणि बैठकीतून माडीवरचा तर काही केल्या उघडेना. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' निवडलं, म्हणजे स्वतः पत्ते न वाटता नुसतं वायफाय पुढे न्यायचं, तशी दोन्ही घरं एक झाली. तुमच्याकडे दोन राउटर असतील तर आधी पत्त्याचा तिसरा आकडा जुळतो का ते पाहा.

रेंज का येत नव्हती, हेही सांगायला हवं, कारण आपल्या खान्देशातल्या जुन्या घरांचा तो खास प्रश्न आहे. आमचं घर धाब्याचं, भिंती दीड-दोन फुटांच्या, मातीच्या. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसच्या घरात पारा असताना आत गारवा देणाऱ्या याच भिंती वायफायला मात्र आड येतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या, ५ गिगाहर्ट्झच्या सहाच्या आसपास. भिंतीच्या जाडीत, त्यातल्या ओलीत, दोन्ही विरतात. ५ वाल्या जास्त. पावसाळ्यात माती ओल धरते तेव्हा आणखी. त्यात आमचा राउटर ठेवलेला होता ज्वारीच्या लोखंडी कोठीमागे! लोखंडातून लहर जातच नाही, आपटून मागे फिरते. राउटर कोठीमागून काढून चौकाकडच्या खिडकीत उंच ठेवला, तेवढ्याने निम्मं काम झालं.

बाकी निम्मं तारेने. जी यंत्रं जागची हलत नाहीत त्यांना तार द्या, हे माझं ठाम मत आहे. कॅट ५ई किंवा कॅट ६ तार घ्या, अस्सल तांब्याची. स्वस्त तारेत तांब्याचा नुसता मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असतं. या तारेत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पिळून चार जोड्या. पीळ शोभेचा नाही. शेजारच्या विजेच्या वायरमधून येणारी खरखर पिळामुळे जोडीतल्या दोन्ही तारांना सारखीच लागते, आणि पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचतं, म्हणून खरखर आपोआप वजा होते. पिळाची ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच टेलिफोनसाठी पेटंट केली होती.

यंदा पावसाळ्यात माडीवरची फाईल अचानक रखडायला लागली. सेकंदाला ११० एमबीने जाणारी फाईल ११ वर आली. बरोबर दहावा हिस्सा, हे पाहूनच मला संशय आला. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या वेगाला आठही तारा लागतात. १०० एमबीपीएसला चारच पुरतात. एखादी तार तुटली की यंत्रं तक्रार न करता खालच्या वेगावर उतरतात. जिन्याखाली बॅटरी घेऊन पाहिलं तर उंदराने तार कुरतडलेली, तपकिरी जोडीतली एक तुटून लोंबत होती. नवा जॅक मारला, तार पाइपातून नेली, परत ११०.

शेतातल्या खोलीपर्यंत तार ओढायचा विचार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तांब्याची तार १०० मीटरपर्यंतच भरवशाची. आणि उघड्यावरून दोन इमारती तांब्याने जोडल्या की वळवाच्या विजा त्या वाटेने थेट घरात शिरू शकतात. तिथे काचेची फायबर तार टाका, तिच्यातून वीज जात नाही.

एसएमबीचं दार घराबाहेर उघडू नका, कुणी कितीही सोपं करून सांगितलं तरी. १२ मे २०१७ रोजी पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम याच बोलीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून शिरला आणि ब्रिटनमधली इस्पितळंही त्याने ठप्प केली. भोक बुजवणारी दुरुस्ती दोन महिने आधीच आलेली होती, ज्यांनी ती बसवली नाही ते सापडले. शेअर फोल्डरमधून पुसलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही, हेही घरातल्या पोरांना आधीच सांगून ठेवा, आणि महत्त्वाच्या फोल्डरची एक प्रत सुट्या हार्ड डिस्कवर, वेगळ्या कपाटात ठेवा.

आमच्याकडे आता पुतण्याचा कॉलेजातला जुना लॅपटॉप फाईली सांभाळतो. त्यावर लिनक्स आणि सांबा. पंधरा वॅट धरले तरी महिन्याला अकरा युनिटच्या आसपास. बॅटरी असल्याने लाईट गेली तरी तो तास-दोन तास तग धरतो. फक्त उन्हाळ्यात ती फुगत नाही ना, ते मी महिन्यातून एकदा बघतो. राउटर आणि स्विच इन्व्हर्टरवर आहेत. त्या लॅपटॉपमध्ये तीन फोल्डर आहेत. 'फोटो' सगळ्यांना, 'केळी' दादांना, त्यात काट्याच्या पावत्या आणि गाड्यांचा हिशोब. तिसरा 'कागद'. आप्पांच्या लोखंडी पेटीतले सातबारा, फेरफार, आजोबांच्या नावचं खरेदीखत, सगळं पुतणीने लग्नाआधीच्या सुट्टीत स्कॅन करून टाकलं. तो फोल्डर सगळ्यांना फक्त वाचता येतो.

परवा रात्री लाईट गेली होती, नेटही नव्हतं. बांधावरून भाऊबंदकीत काहीतरी निघालं आणि आप्पांना जुना फेरफार बघायचा होता. वहिनींनी ओट्यावर बसूनच मोबाइलमध्ये 'कागद' उघडला, अक्षर मोठं केलं आणि मोबाइल आप्पांच्या हातात दिला. आप्पा चष्मा सावरून बराच वेळ गट नंबर वाचत बसले होते.