डोंबिवलीच्या नावाची संख्या

सेंट्रल लाईनवाल्यांना डोंबिवली म्हटलं की आधी गर्दी आठवते, पण गणितात ह्या स्टेशनच्या नावाने चक्क संख्या आहेत, डेम्लो संख्या, जशा १२१, १२३२१, चढत जाऊन तशाच उतरणाऱ्या. द. रा. कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे, देवळालीला शाळेत शिकवायचे (हो, तेच ते ६१७४ वाले, ज्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात), त्यांना ही कल्पना सुचली जीआयपी (म्हणजे आजच्या सेंट्रल) रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर, आणि डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली.

त्यातली माझी लाडकी ही: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडी, एकं दहं शतं करत गेलात तर परार्धाच्या एकच घर अलीकडे. एक्सेलमध्ये टाकून बघा, शेवटच्या २१ च्या जागी ०० दिसेल कारण ते पंधराच आकडे धरून ठेवतं, त्यामुळे हिच्याशी खेळायचं तर वही-पेनच बरं.

ही आहे १११११११११ चा वर्ग. असं कसं होतं ते छोट्या गुणाकारात लगेच दिसतं. १११ गुणिले १११ शाळेतल्यासारखं मांडा, एक ओळ १११, खाली एक घर सरकवून १११, त्याखाली अजून एक घर सरकवून १११, आणि उभी बेरीज करा: उजवीकडून पहिल्या घरात एक, मग दोन, मग तीन, मग परत दोन, एक. झाले १२३२१. नऊ एक घेतले की मधल्या घरात बरोब्बर नऊ १ पडतात, बेरीज ९, हातचा कुठेच येत नाही. सगळी गंमत त्या न आलेल्या हातच्याची!

आता तीच संख्या तोडा, डावीकडे १२३४५६७८ नि उजवीकडे ९८७६५४३२१, बेरीज करा, ९९९९९९९९९. योगायोग वगैरे नाही हं, ह्या संख्येला ९९९९९९९९९ ने निःशेष भाग जातो म्हणून असं येतं, अंकांची बेरीज करून ९ ची कसोटी लावतो ना, तीच कसोटी इथे नऊ-नऊ आकड्यांच्या गटांना लागते.

अवयव पाडले तर मूळ संख्या तीनच निघतात: ३ चारदा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. ३७ ला ३३३६६७ ने गुणलं की १२३४५६७९, मधला ८ गायब! त्याला ९ ने गुणा, नऊ एक. ६३ ने गुणा, नऊ सात.

आणि दहा एक घेतले तर? मधल्या घरात १० होतात, शून्य लिहून हातचा १, शेजारच्या ९ चेही १० होतात, पुन्हा हातचा, त्याच्या शेजारच्या ८ चा ९ होतो, आणि हाती येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ डावीकडून गेलाच. हा ९ चा अडसर आपण दहाच्या पद्धतीत मोजतो म्हणून, कॉम्प्युटरवाल्यांच्या सोळाच्या पद्धतीत पंधरा एकांपर्यंत सगळं सुरळीत चालतं. दोनच्या पद्धतीत मात्र ११ गुणिले ११ लाच खेळ खल्लास, उत्तर १००१.