फायबरची होडी कुजत का नाही?

उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरलं की एखादी टाकून दिलेली फायबरची होडी उघडी पडते. एकीच्या फुटक्या काठावरनं हात फिरवला तर पांढरी कुसं बोटात घुसली, दोन दिवस खाज गेली नाही. सोबतचा म्हणाला राहू दे की, कुजून जाईल. लाकडाची असती तर गेली असती.

आपल्याकडं चादर विणतात तशी काचेच्या धाग्याची विणलेली चटई साच्यात अंथरायची आणि वर पॉलिस्टर रेझिन नावाचं चिकट द्रव ओतायचं, झाली होडी. हे रेझिन म्हणजे स्टायरीनमध्ये विरघळलेल्या लांब साखळ्या, त्यात हार्डनर पडला की फ्री रॅडिकल, म्हणजे जोडी शोधणारे चपळ रेणू, तयार होतात आणि स्टायरीनचे रेणू एका साखळीवरनं दुसरीवर पूल बांधत सुटतात, शेवटी सगळं रेझिन मिळून जवळजवळ एकच अवाढव्य रेणू! गूळ कितीदाही पातळ करा, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक तसं असतं. पण कडक भाकरीचं परत पीठ मळता येतं का? होडी तापवली तर वितळत नाही, करपते. आणि ते प्लास्टिक खाणारे जिवाणू, ज्यांचा एवढा गाजावाजा झाला, ते बाटलीचं प्लास्टिक खातात, ही जाळी नाही.

समुद्रावर टाकून दिलेल्या होड्या हटवताना सरकारचं घोडं इथंच अडतं. 2011 ला एमव्ही पवित नावाचं जहाज जुहूच्या वाळूत येऊन रुतलं, ओमानजवळ खलाशांनी सोडलेलं, महिनाभर पावसाळी वाऱ्यानं ढकलत आणलं, लोक भुताचं जहाज म्हणत होते, भूत कसलं त्यात. पण ते लोखंड, भंगाराला भाव असतो. शिवाय बुडालेली-रुतलेली जहाजं हटवायच्या आंतरराष्ट्रीय नैरोबी करारानं 300 टनांवरच्या जहाजांना अवशेष काढायच्या खर्चाचा विमा सक्तीचा केलाय. छोट्या होडीला विमाही नाही, भावही नाही, नंबर खरवडला की मालकही सापडत नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्य टाकलेल्या होड्या हटवायचा खर्च होड्यांच्या रजिस्ट्रेशन फीतनंही काढतं, हे मला फार पटतं. जपाननं 2005 पासून अशा होड्यांचे तुकडे सिमेंटच्या भट्टीत घालायला सुरुवात केली, रेझिन जळण होतं आणि काचेतलं सिलिका, ॲल्युमिना, कॅल्शियम थेट क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट होणाऱ्या खड्यांत, जातं, सिमेंटला हेच तर लागतं.

अशा भट्ट्या सोलापूरवरनं रेल्वेनं वाडीकडं गेलं की रुळाच्या कडेला दिसतात. उजनीची ती होडी तिथवर न्यायचं भाडं कुणी द्यायचं, एवढं ठरायचंय.